अडुळशाची पिवळी पानं

कामशेतच्या आगगाडीच्या फाटकापाशी एका बाईची खोपटी होती आणि खोपटीभोवती अडुळशाचं कुंपण. नाव मी कधी विचारलं नाही. भांडी धुतलेलं पाणी ती ओंजळीने एकेका झुडपाला घाली. माझा भाऊ क्षयाने खोकत होता. त्याच्यासाठी मी दर आठवड्याला पानं न्यायला जाई. हिरवं पान ती तोडू देत नसे. म्हणे, "पिकून पिवळं झालं की मंगच औशीद."

भाऊ गेला, ते सांगायला गेलो तर तिने पानांची पुडी बांधून ठेवलेली.

"राहू द्या मावशी. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"त्येच्या वाटणीची हायती. दुसऱ्याला कशी दिऊ?"

तिने झुडपाच्या बुडाशी खळगा केला, पानं ठेवली आणि वर हाताने माती लोटली.

क्षयाच्या धास्तीने भावाच्या मातीला चौघंच आले होते. माती देणारी पाचवी ती.