अर्धा सूत लोखंड

केनवडच्या गुलाबरावांकडे एक लॉरी होती. अमेरिकन, सहा सिलिंडरची. तिचे वॉल्व वर नव्हते, पिस्टनच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे होते. त्यामुळे तिचं हेड म्हणजे लांब, सपाट, जड लोखंडी झाकण. लॉरी चंपत चालवायचा आणि चंपतच दुरुस्त करायचा. गुलाबरावांची वांगी, मिरच्या, कोथिंबीर भरून सकाळी वाशीमच्या बाजारात न्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, हे त्याचं काम.

चंपत आणि मी अकोल्याच्या एका गॅरेजात सहा वर्षं एका बाकावर होतो. पुढे माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली. मी वाशीमच्या कापसाच्या जिनात फिटर झालो आणि तो आपल्या गावी, केनवडला परतला. त्याला परतावं लागलं ते बायकोसाठी. गिरजाबाईची डावी बाजू बाळंतपणात गेली होती. मूल राहिलं नाही. घरात तिसरं माणूस नव्हतं. चंपत सकाळी तिला उचलून न्हाणीत नेई, भाकरी करून तिच्याजवळ ठेवी आणि मग कामाला जाई. शेजारची पंचफुला दिवसा पाणी द्यायची, पण उचलणं तिला झेपत नव्हतं. चंपत घरी येईपर्यंत गिरजाबाई बसवली तिथेच बसलेली असे.

लॉरी वाटेत बंद पडली तर ती बाई अंधारात तशीच बसून राहणार. म्हणून चंपतची लॉरी बंद पडत नसे. दर आठवड्याला तो बारा वॉल्वची फट पोलादाची पातळ पत्री घालून मोजायचा. पत्री ओढताना जरा अडली पाहिजे आणि तरी निघाली पाहिजे. एखादी सहज निघाली तर पुन्हा आवळायचा. मी त्याच्याजवळ बसून हे पाहिलेलं आहे. सात वर्षांत त्यानं एकही आठवडा चुकवला नाही.

१९४३ साली लढाई जोरात होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही नावाला. वर सरकार चांगल्या लॉऱ्या फौजेसाठी नेऊ लागलं. रिसोडच्या दोन गेल्या. कोळशाच्या गॅसवर चालणारी गाडी फौज घेत नाही, असं ऐकल्यावर गुलाबरावांनी ठरवलं, आपल्या लॉरीला भट्टी बसवायची. चंपतलाही तेच हवं होतं. लॉरी गेली असती तर केनवडात त्याच्याजोगं काम नव्हतं. अकोल्याला जावं लागलं असतं, आणि मग गिरजाबाईला कोण उचलणार?

भट्टी गावच्या लोहारानं पिंपापासून केली. ते सोपं काम. पण कोळशाचा गॅस दुबळा असतो. इंजिनाचं निम्मं बळ जातं. बळ थोडं तरी परत आणायचं तर गॅस जास्त दाबला गेला पाहिजे, आणि त्यासाठी हेड खालून पातळ करावं लागतं. मात्र या जातीच्या इंजिनात वॉल्व उघडताना हेडाच्या पोकळीत वर येतात. फार पातळ केलं तर ते हेडावर आपटतील. चंपतनं वॉल्ववर भिजवलेली कणीक ठेवली, हेड बसवलं, हँडलनं इंजिन फिरवलं, हेड काढलं आणि चेपलेली कणीक सुरीनं कापून तिची जाडी मोजली. असं बारा ठिकाणी केलं. मग म्हणाला, "अर्धा सूत. वरती एक केस नाई."

इंचाचे आठ सूत. त्यातला अर्धा. काढलेलं लोखंड परत लावता येत नाही, म्हणून त्यानं दोनदा मोजलं.

एवढं लांब हेड कापायचं मशीन जवळपास नव्हतं. हातानंच करायचं ठरलं. चैत्रात जिन बंद झालं तेव्हा मी मुकादमाला सांगून तिथली सपाट प्लेट बैलगाडीत घातली आणि केनवडला गेलो. चंपतच्याच अंगणात बाक मांडला. नऊ दिवस छिन्नी, चौदा दिवस कानस, मग खरडणी. शेंदूर तेलात कालवून प्लेटीवर पातळ फासायचा. हेड त्यावर ठेवून बोटभर सरकवायचं आणि उलटं करायचं. जिथे शेंदूर लागला तो उंचवटा. तेवढाच खरडायचा, पुसायचं, पुन्हा ठेवायचं. हेड पाऊण मणाचं. दिवसातून साठ वेळा उचलायचं.

गुलाबराव एकदा येऊन पाहून गेले.

"अबे चंपत, देवाची मूर्त घडवून राह्यला का? कोळशावर चालते एवढं त्या सायबाले दिसलं म्हणजे झालं. माह्या मिरच्या बैलगाडीत सडून राह्यल्या."

"मालक, आता सोडलं त गॅस बाजूनं निघन. चढावर गाडी मरन."

"मरू दे थोडी."

"मले दिवस बुडाच्या आत घरी याचं रायते," चंपत म्हणाला.

गिरजाबाई दारात भिंतीला टेकून बसलेली असे. ती म्हणाली, "मालक, त्याईले सांगून फायदा नाई. मशीनचं डोस्कं महिनाभर चोळून राह्यले. माह्या डोस्क्याले तेल लावा म्हटलं, त म्हणतात, हात शेंदराचे हायेत."

आम्ही हसलो. चंपतनं हात धुतले आणि तिच्या डोक्याला तेल लावलं. मी तोवर हेड तपासलं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे एक ठिपका उंच होता. त्याच्याही नजरेतून तो सुटला होता. मी दाखवला. त्या ठिपक्याला आणखी तीन दिवस लागले, कारण तो उतरवला की बाजूचे वर दिसू लागत. शेवटी शेंदूर सगळीकडे सारखा उमटला. एकूण अडतीस दिवस झाले.

लॉरी चालली. भट्टी पेटवून वीस मिनिटं पंखा फिरवावा लागे, पण मग मालेगावचा चढ ती भरल्या मालानं चढली. चंपत सूर्य असताना घरी आला. तसाच महिनाभर येत राहिला.

आषाढात तपासणीचं बोलावणं आलं. वाशीमच्या कचेरीसमोर सात गाड्या उभ्या होत्या. साहेबाबरोबर फौजेचा एक मिस्त्री होता, धरमसिंग नावाचा. त्यानं भट्टी पाहिली आणि साहेबाला सांगितलं, ही आपल्या कामाची नाही. साहेबानं कागदावर काट मारली. गुलाबरावांनी टोपी सारखी केली. काम झालं होतं.

धरमसिंग मात्र हलला नाही. इंजिन चालू होतं, तो कान देऊन ऐकत होता. मग त्यानं हेडाच्या नटांवरून बोट फिरवलं. नटांच्या वर बोल्टचे आटे नेहमीपेक्षा जास्त दिसत होते. त्यानं ओळखलं.

"हेड किसने काटा?"

"अकोल्याहून आणलं कापून," गुलाबराव म्हणाले.

धरमसिंगनं हेडाच्या कडेला नख लावलं. "ये मशीन का काम नहीं है."

"मशीनचंच हाये, सायेब."

चंपत खाली बघत होता. आणि मी बोललो. मी म्हणालो, "मशीन नाई लागली. यानं हातानं केलं. अडतीस दिवस."

कुणी मला विचारलं नव्हतं.

धरमसिंग हसला. त्यानं चंपतच्या खांद्यावर हात ठेवला, शाबासकी दिली आणि साहेबाकडे जाऊन इंग्रजीत काही सांगितलं. साहेबानं चंपतचं नाव, गाव, वय लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळला, माझा उजवा हात पाहिला आणि वही मिटली.

परतताना लॉरीत आम्ही दोघंच होतो; मालेगावला चंपतनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "काहून बोलला बे तू?"

"मालक खोटं बोलून राह्यले होते. काम तुहं होतं."

"काम माह्यं हाये, हे मले मालूम होतं," तो म्हणाला. "सायबाले मालूम व्हाचं काय काम होतं?"



लढाईत कारागिरांना सरकारी कारखान्यात लावायचा कायदा आला होता. दहाव्या दिवशी हुकूम आला. जबलपूरकडे जायचं होतं. गुलाबराव दोनदा कचेरीत गेले. बायको अधू आहे असा अर्ज दिला. पगार घरी पाठवता येईल, असं उत्तर आलं.

चंपतनं गिरजाबाईला त्याच लॉरीतून कामरगावला, तिचा भाऊ जगदेव याच्याकडे नेलं. मागे चिंचेच्या पाल्यावर गोधडी टाकली होती. मी सोबत होतो. वाटेत ती एकदाच बोलली. मला म्हणाली, "भाऊजी, तुमी मनाले लावून घेऊ नका." त्या बोलण्यानं मला बरं वाटलं नाही.

चंपतनं जगदेवला आणि त्याच्या बायकोला उचलायची रीत दाखवली. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि तिचा लुळा डावा हात आधी तिच्याच पोटावर ठेवायचा, नाहीतर तो अडकतो. दोघांकडून तीन-तीनदा करून घेतलं. मग आम्ही निघालो.

ती चौदा महिने जगली. एका जागी राहून पाठीला जखमा झाल्या होत्या. ती गेल्याचं पत्र चंपतला बारा दिवसांनी मिळालं. रजा मिळाली नाही.

शेहेचाळीस साली तो सुटून आला तेव्हा मी त्याच्याबरोबर कामरगावला गेलो. जगदेवनं बाज टाकली, पाणी आणलं. चंपत बसला नाही. त्यानं एकच विचारलं.

"दिवसातून किती खेपा उचलत होते तिले?"

जगदेव खोटं बोलणारा माणूस नव्हता. "सकाळी एकदा," तो म्हणाला. "मंग आमी वावरात जात होतो, दाजी. संध्याकाळी दोघं घरी असलो त."

चंपतनं मान हलवली. पाणी न पिता बाहेर आला. कारंज्याची मोटार यायला तीन तास होते. रस्त्याच्या कडेला बसायला ओटा होता. मी बसलो. तो उभा राहिला, मोटार येईपर्यंत.