शनिवारच्या खुर्च्या

आमच्या सेंटरमध्ये जागा कधीच खाली नसते आणि इंटरव्ह्यू दर शनिवारी असतात. चुकून टाइप नाही झालं, बरोबर वाचलं तुम्ही.

रायपूरच्या समता कॉलोनीतलं पॅथॉलॉजी सेंटर आहे. रक्त, लघवी, थायरॉइड, आतल्या खोलीत सोनोग्राफी. काउंटरवर आम्ही दोघी, मी आणि ताई. सख्खी नाही, पण सगळे तिले दीदी म्हणत, म्हणून मी मुद्दाम ताई म्हणे. तिचं माहेर गोंदियाचं, बोलणं एकदम झणझणीत. मालकाले आम्ही सर म्हणतो.

तर शनिवारी सकाळी सर काउंटरच्या बरोब्बर समोर प्लास्टिकच्या खुर्च्या लावायले सांगत. मंग पोट्टे-पोट्ट्या फाइली घेऊन येत. बी.एससी., एम.एससी., एक तर इंजिनिअर आला होता, इस्त्रीच्या शर्टात. तासन् तास बसत आणि आमच्याकडं पाहत. आमच्या हाताकडं, कीबोर्डाकडं, आमच्या खुर्चीकडं. सर एकेकाले केबिनमध्ये बोलवत, दोन प्रश्न विचारत आणि म्हणत, "कॉल करेंगे." कॉल कोणालेच जात नसे.

मी नवी होती तेव्हा विचारलं होतं, "काहून बोलावते वो हा माणूस यांले, जागा नाही तं?"

ताई रिपोर्ट स्टेपल करता करता म्हणे, "त्यांच्यासाठी थोडी बोलावते, येडे. आपल्यासाठी बोलावते."

आणि खरंच! आम्ही सुट्टी मागितली, नाही तं पंखा लावा म्हटलं, की सर पेन खाली ठेवत. मंग समोरच्या लाइनीकडं पाहत आणि हसत. आपणच मंग "नाही नाही सर, राहू द्या" म्हणायचं.

मंग सरांनी सेंटर बंद करायची वेळ वाढवली. आधी साडेसात होती, आता नऊ. पगार तोच. माझं घर इथंच जवळ, तात्यापाऱ्यात, मी स्कुटीनं सुटली. पण ताई नवा रायपूरले राहे. तिकडं रस्ते असे की विमान उतरवा, आणि बस शोधाल तं नाही. तिची शेवटची बस आठच्या आधीच निघून जाये. नवरा बिलासपूरले ड्यूटीवर, घरी पोरगी एकटी, तिसरीतली. काही दिवस तिनं शेअर ऑटो आणि लिफ्ट करून पाहिलं. एका संध्याकाळी पोरगी शेजारच्या जिन्यावर बसल्या बसल्या झोपून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई म्हणे, "बस झालं. साडेसातले सोडत असन तं ठीक, नाही तं मी नाही करत."

आता आमची अक्कल ऐका. हे सगळं आम्ही काउंटरवर बसून ठरवलं, शनिवारी, खुर्च्या भरलेल्या असताना, जोरजोरात, मराठीत. रायपुरात मराठी म्हणजे आमचा पडदा होता. पेशंटबद्दल, सरांच्या केसाच्या रंगाबद्दल, सगळं आम्ही त्यांच्या तोंडावर बोलून राहिलो होतो इतके दिवस.

"आपण दोघीनं सोबत म्हणायचं," ताई म्हणे. "सकाळच्या फास्टिंगवाल्यांची लाइन लागली की तेव्हाच. दोघी उठलो तं याचं काउंटर कोण चालवते?"

"सॉफ्टवेअर तरी येते का त्याले!" मी म्हटलं. "सोमवारी?"

"सोमवारी. घाबरशीन तं नाही?"

"मी? हट्!"

समोर दुसऱ्या खुर्चीवर एक पोट्टी होती, गुलाबी ओढणी, मांडीवर फाइल. मी तिले नाव विचारलं तं हिंदीत सांगितलं, पाणी हिंदीत मागितलं. माझा सख्खा भाऊ घरी आईच्या मराठीले हिंदीत उत्तर देते, निम्म्या मराठी घरात हेच चालते इथं. तरी हिले मराठी समजत असन हे डोक्यात आलं नाही.

तिचा नंबर आला. दुसऱ्यांले दोन मिनिटं लागत, तिले बराच वेळ लागला. मंग सर तिच्या मागं मागं बाहेर आले, एकदम खुशीत.

"सुना है सोमवार को आप दोनों उठने वाली हैं?"

ताईनं त्या पोट्टीकडं पाहिलं. ती फरशीकडं पाहून राहिली होती.

ताई उभी राहिली तरी. म्हणे, "सर, बस साढ़े सात बजे छोड़ दीजिए. बच्ची अकेली रहती है."

सर खुर्च्यांकडं वळले. शाळेत गुरुजी विचारते तसं विचारलं, "रात नौ बजे तक कौन-कौन रुक सकता है?"

सगळे हात वर.

"दस बजे तक?"

एकही हात खाली आला नाही.

"संडे को भी?"

इंजिनिअरनं तं दुसराही हात वर केला, काय माहीत काहून. कोणी तरी हासलं.

आणि तेव्हा ताईनं हात वर केला. काउंटरच्या इकडून, हळूच, कोपर टेबलावर ठेवूनच. "मैं भी रुक जाऊँगी सर."

"नहीं नहीं दीदी," सर एवढ्या गोड आवाजात म्हणे, "आप निकलिए. आपकी बस छूट जाएगी."

सकाळचे अकरा वाजले होते. खुर्च्या खदखदून हासल्या, ज्यांले नोकरी मिळाली नव्हती ते सगळे. ताईनं डबा उचलला, चप्पल घातली. गुलाबी ओढणी तिच्या खुर्चीवर येऊन बसली. खुर्ची गरमच असन. सर माझ्याकडं पाहून म्हणे, "और आप, मैडम?" मी म्हटलं, "नेक्स्ट पेशंट कौन है?"

ताईनं बाकीचे सेंटर पालथे घातले. सगळीकडं एकच प्रश्न, पहिलं काहून सोडलं? आणि तिथंही पोट्ट्यांची लाइन होतीच.

काही आठवड्यांनी, सरांनी रविवारही सुरू केल्यावर, एका शुक्रवारी नवी, म्हणजे ती गुलाबी ओढणी, मले पहिल्यांदा मराठीत बोलली. चांगली मराठी होती तिची, आईकडची. "रविवारी भावाचा साखरपुडा आहे वो. सरांले सोबत विचारता का? एकटीचं नाही ऐकणार."

मी तिच्याकडं पाहतच राहिली. एवढं हासली, एवढं हासली की सॅम्पल घेणारे भैया बाहेर आले पाहायले. ती बिचारी लाल झाली. मले लय मजा आली, खोटं काहून बोलू.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या लागल्या तेव्हा तिसऱ्या खुर्चीवर ताई होती. मांडीवर फाइल. आमच्याकडं पाहिलं नाही तिनं, सरळ केबिनच्या दारावर नजर. सरांनी बाहेर येऊन आता दर शनिवारचा झालेला तो 'नौ बजे तक'वाला प्रश्न विचारला तं सगळ्यात आधी हात तिचा. यावेळी कोपर सरळ. सरांनी तिले केबिनमध्ये बोलावलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हटलं, "कॉल करेंगे."

"हव सर," ताई म्हणे आणि निघून गेली.

नव्या पोट्टीनं मंग सुट्टी मागितलीच नाही. रविवारी सकाळी ती काउंटरवर होती, दोन्ही हातावर कोपरापर्यंत ताजी मेंदी. टाइप करता करता मेंदीचे वाळलेले कण कीबोर्डात पडून राहिले होते, ती फुंकून फुंकून काढे. थायरॉइडवाली एक म्हातारी कौतुकानं म्हणे, "किसकी शादी है बेटा?"

"किसी की नहीं," ती म्हणे. "नाम बताइए."