आत्यांचा अंतरपाट

"घट्ट होतंय का? खरं सांगा हं."

आत्या हे विचारायच्या तेव्हा त्यांची दोन बोटं समोरच्याच्या मनगटाच्या आणि विणलेल्या पट्ट्याच्या मध्ये घातलेली असायची. दोन बोटं सहज शिरली की माप बरोबर, अशी त्यांची पद्धत. बोटं शिरत नसली, पट्टा रुतून हात लाल झाला असला, तरी समोरचा म्हणायचा, "छे छे, एकदम मस्त." आमच्या इमारतीत आत्यांना खरं कोणी सांगत नसे, आणि या गोड खोटेपणात मी सगळ्यांच्या पुढे होते. मला त्यांनी किटलीवर घालायचं टोपरं विणून दिलं होतं. आमच्याकडे किटलीच नाही. मी ते विरजणाच्या भांड्यावर घालायचे आणि त्यांनी विचारलं की म्हणायचे, "चहा तासभर गरम राहतो हो!" दही मात्र छान लागायचं, हे कबूल केलं पाहिजे.

त्या आमच्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. त्यांची भाची आत्या म्हणायची, म्हणून डोंबिवली पूर्वेच्या आमच्या तीन मजली इमारतीत सगळेच म्हणायला लागले. पुढे इस्त्रीवालाही "आत्या, कपडे" असं ओरडायला लागला. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून जन्म गेला. लग्न केलं नाही. धाकट्या भावाचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं त्यांनी मार्गी लावलं आणि तो ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायला गेल्यावर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये एकट्या राहिल्या. आवाज शेवटपर्यंत ऑपरेटरचाच होता, अक्षर न् अक्षर सुटं. त्या जाऊन आता दीड वर्ष होईल.

हे विणकाम त्या निवृत्तीनंतर मोबाइलवर बघून शिकल्या. नाव ट्युनिशियन क्रोशे. खालच्या मजल्यांवर पोचेपर्यंत त्याचं "ट्यूशन क्रोशे" झालं आणि एके दिवशी शेजारच्या इमारतीतल्या दोघीजणी आपल्या मुलींना घेऊन फी विचारायला आल्या. आत्यांनी त्यांना पोहे खायला घातले आणि मुलींना फुकट साखळी घालायला शिकवली. "नावात काय आहे," मला म्हणाल्या, "पण टाका सैल घालतात हो दोघीही."

साधा क्रोशा तुम्ही पाहिला असेलच. एके काळी घराघरांत टीव्हीवर रुमाल असायचे ते त्याचेच. हे प्रकरण जरा वेगळं. सुई हातभर लांब. जाताना ओळीतले सगळे टाके सुईवर गोळा करत जायचं, येताना एकेक सोडत यायचं. काम उलटायचं नाही, चांगली बाजू कायम आपल्याकडे. वीण जाड होते आणि गणिताच्या वहीसारख्या चौकटी पडतात, म्हणून आत्या आधी चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी नक्षी काढायच्या आणि मग टाके मोजून ती लोकरीत उतरवायच्या. या विणीची एकच खोड, ती कडेने वळत जाते. म्हणून त्यांच्या घरी तांदळाच्या डब्याखाली, गादीखाली, पाटाखाली काही ना काही दाबून ठेवलेलं असायचं.

हे सगळं चालायचं भावाच्या घरासाठी. भावाला मफलर, वहिनीला मोबाइलची पिशवी, भाचीला केसांचा पट्टा आणि मनगटपट्टे. आता ठाण्याला मफलर घालून माणसाने जावं तरी कुठे? आणि ती मोबाइलची पिशवी इतकी नेटकी बसायची, की फोन बाहेर निघेपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. भाऊबीजेला तिघं यायची ती आमच्या फाटकाशी थांबायची. भाऊ पिशवीतून मफलर काढून गळ्यात गुंडाळायचा, भाची पट्टा डोक्यावर चढवायची, वहिनी फोन पिशवीत कोंबायची. मग घाम पुसत तिघं जिना चढायची. परत जाताना सगळं त्याच जागी उतरवलं जायचं. मी पहिल्या मजल्यावरून हे दर वर्षी बघायचे आणि हसू दाबायचे. माणसं वाईट नव्हती हो. ताईचं मन मोडू नये म्हणून भाऊ बिचारा भर ऑक्टोबरात तासभर मफलरमध्ये शिजत बसायचा.

मग भाचीचं लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त. ती फोनवर सहज म्हणून गेली, "आत्या, माझ्या लग्नात तुझ्या हातचं काहीतरी हवं हां." झालं. आत्यांनी ठरवलं की अंतरपाट विणायचा. मुहूर्ताला नवरा-नवरीच्या मध्ये जे वस्त्र धरतात, ते अख्खं ट्युनिशियन क्रोशाचं. लोकर नको, उन्हाळा आहे, म्हणून जाड सुती दोरा कल्याणच्या बाजारातून आणला. चौकटीचे नऊ कागद जोडून त्यावर दोन मोर, मध्ये कमळ आणि वर स्वस्तिक काढलं. नोव्हेंबरपासून त्या विणत होत्या. भाजीला खाली उतरल्या तरी ओठ हलत असायचे, टाके मोजणं चालू.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. "एक टोक तुम्ही धरा." मी खिडकीशी, त्या दाराशी. मोर खरोखर देखणे झाले होते. पण सुती दोऱ्याचं ते धूड इतकं जड, की आम्ही कितीही ताणलं तरी मधोमध लोंबायचं. वरून दीड वीत खाली आलेलं आणि खालची कड वळत वर निघालेली. पहिल्या मंगलाष्टकालाच नवरा-नवरीने एकमेकांना बघून घेतलं असतं, वर गप्पाही मारल्या असत्या.

"कसा वाटतो? खरं सांगा हं."

"सुंदर!" मी म्हटलं. "दृष्ट लागेल."

त्या इतक्या खूश झाल्या की मला शिऱ्याचा डबा भरून दिला. तो मला गोड लागला नाही.

त्याच रविवारी त्यांची वहिनी पत्रिका द्यायला आली. आधी वरती जाऊन मग माझ्याकडे. पाणी पिता पिता आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही पाहिलात ना वन्संचा अंतरपाट? तो कसा धरायचा, सांगा. आम्ही दुसरा करून घेतलाय, रंगवलेला, नावं घातलेला. त्यांना बोलू नका हं. त्यांचा रुखवतात मांडू छान." मी मान डोलावली. नेहमीप्रमाणे.

पण या वेळी ते पचेना. मफलर निराळा. इथे आत्या नवी साडी नेसून, मुहूर्ताला आपलं काम बघायला पुढे उभ्या राहणार आणि सगळ्यांच्या देखत भलतंच वस्त्र उघडलं जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले आणि दारातच सांगून टाकलं, "आत्या, तो मध्ये लोंबतो. आणि खालून वळतो. मी खोटं बोलले."

मला वाटलं आता त्या रडतील. "किती लोंबतो?" त्यांनी विचारलं.

"दीड वीत."

"मला एकच वाटलं होतं," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून चक्क हसायला लागल्या. मग जे पोटात होतं ते सगळंच बाहेर आलं. मफलर, पिशवी, आमच्या फाटकाशी होणारी वेषभूषा, माझ्या घरी नसलेली किटली.

"फाटकाचं माहीत आहे मला. गॅलरीतून दिसतं," आत्या म्हणाल्या. "किटलीचं नव्हतं माहीत."

"मग तुम्ही विचारता कशाला सारखं, खरं सांगा म्हणून?"

आत्यांनी अंतरपाटाची कड दोन बोटांत धरून ती सरळ करून पाहिली. सोडल्यावर ती पुन्हा वळली. "अहो, वहिनी आपल्या लेकीवर दिवसातून दहा वेळा ओरडते. भाऊ बायकोच्या आमटीला नावं ठेवतो. मी केलेलं मात्र सगळं छान. आमटी छान, मफलर छान, तब्येत छान. पाहुणीसारखं वागवतात हो मला. मला वाटतं, एकदा तरी कोणी म्हणावं, ताई, हे काय भिकार केलंयस. आपल्या माणसाला म्हणतो तसं."

इतकी वर्षं मी ज्याला चांगुलपणा समजत होते, त्याने या बाईला किती एकटं पाडलं होतं, ते त्या दिवशी मला कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

त्या दुपारी त्यांनी अंतरपाट उसवला. ही वीण शेवटचं टोक ओढलं की सरसर सुटते. तीन महिन्यांचं काम चहा निवेपर्यंत निम्मं झालं होतं. मी दोरा गुंडाळत होते आणि माझेच डोळे भरून येत होते. आत्या मात्र हिशेबात. "अख्खा नकोच. मध्ये मलमल घेऊ, आणि चारही बाजूंनी फक्त काठ विणू. हलका राहील. वरच्या काठात बारीक दोरी घालायची, लोंबणार नाही."

रंगवलेल्या अंतरपाटाचं मी त्यांना सांगितलं नाही. तो निरोप माझा नव्हता. मी खाली येऊन भाचीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. "तू ये," मी म्हटलं. "आणि इथे आल्यावर गोड बोलू नकोस. जे वाटतं ते बोल."

"आम्हाला वाटायचं तिला वाईट वाटेल," ती म्हणाली.

पुढे लग्नात आत्यांचाच अंतरपाट धरला. तो शेवटच्या अक्षतेपर्यंत सरळ राहिला आणि वहिनीने रंगवून घेतलेला रुखवतात मांडला गेला. ते सगळं फोटोंत आहे. मी फोन केला त्या आठवड्यातली शनिवारची संध्याकाळ मात्र कुठल्याच फोटोत नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवते.

भाची ऑफिसातून परस्पर आली, फाटकाशी न थांबता थेट वर गेली. दहाएक मिनिटं शांतता. मग जिन्यातून आवाज यायला लागले.

"आत्या, यार, मोर नको! सगळ्यांच्या लग्नात मोर असतात!"

"मग काय, कावळे काढू?"

"आणि हा लाल? माझी साडी बघितलीस का तू? काहीच्या काही करतेस, विचारत पण नाहीस!"

"तू कधी सांगितलंस? घालून बसतेस मुकाट, आणि खाली गेल्यावर काढतेस!"

मग काहीतरी आपटलं, बहुतेक पेन्सिलींचा डबा. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. मी माझ्या दारात उभी राहून ऐकत होते, चोरून ऐकण्याची कसलीही लाज न बाळगता. मध्येच भाचीचा रडका आवाज आला, "आईने दुसरा केलाय, पण तो मी धरू नाही देणार, कळलं? पण म्हणून मोर चालणार नाहीत!" त्यावर आत्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दोघी पुन्हा जोरात सुरू झाल्या, या वेळी कमळावरून.

आठाच्या सुमाराला भाची डोळे पुसत, हसत उतरून गेली. तिच्यामागून आत्या कठडा धरत माझ्या दाराशी आल्या. अंबाडा सुटलेला, बोटांना पेन्सिलींचे रंग, आणि तो ऑपरेटरचा आवाज पार बसलेला.

"अहो," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "भांडली माझ्याशी! चांगला दीड तास! तुला काडीचं कळत नाही म्हणाली!"

मी म्हटलं, "या ना आत, चहा टाकते."

"छे, वेळ नाही," आत्या म्हणाल्या, "मंगळवारी परत येणार आहे ती."