स्पर्शिका आडवी होते तिथे

जेवणाच्या टेबलावर माझी नात मुक्ता आलेखाच्या वळणावरून पट्टी हलकेच सरकवत होती. मी हातातलं काम थांबवून बघत राहिले.

"आजी, टँजंट आडवा कुठे होतो ते शोधायचंय," ती म्हणाली. टँजंट म्हणजे आमच्या वेळची स्पर्शिका, वळणाला टेकणारी सरळ रेषा.

कॉलेजच्या वाचनालयात मीही एकदा हेच गणित घेऊन बसले होते. वळणाचा चढ-उतार सांगणारा डेरिव्हेटिव्ह काढला, तो शून्य धरला आणि एक्स बरोबर एक लिहून मोकळी झाले. तेव्हा वर्षभर एक शब्द न बोललेला शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "उणे एकही येईल. वर माथ्यावरसुद्धा स्पर्शिका आडवीच असते." एवढं बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

त्याच्याशीच पुढे लग्न केलं. संसारात चढ आले, उतारही आले. पण आता आठवतात ते मधले सपाट क्षण. दुपारचा चहा, दोघांत वाटून घेतलेलं वर्तमानपत्र आणि कुणीच काही न बोलणं. तेव्हा वाटायचं, आज काहीच घडलं नाही.

मुक्ताला दोन्ही बिंदू सापडले. तिने आजोबांना फक्त फोटोत पाहिलंय.

"आजोबांना गणित यायचं का गं?"

"यायचं की! बोलणं तेवढं यायचं नाही," मी म्हणाले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.