पडद्यामागून कोण बोललं?

मी बी.एस्सी. झालेली मुलगी. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली...

आमचं गाव संतपूर, सीमाभागातलं; घरात मराठी, शाळेत कन्नड. बसवकल्याणच्या एका साडीच्या दुकानाला जाहिरातीसाठी नवीन चेहरा हवा होता आणि माझी निवड झाली. अप्पांची एकच अट — आई सोबत जाणार.

स्टुडिओ बसस्टँडजवळ, पहिल्या मजल्यावर. सकाळचे अकरा वाजले होते. माझ्या मागे करडा पडदा, समोर दोन मोठे लाइट आणि फोटोग्राफर अण्णा. आई दाराशी खुर्चीवर. पहिल्या साडीत मी नुसती ताठ उभी. अण्णा वैतागले, "लाजायलीस कामून? घरात असल्यासारखं उभी राहा की."

तेवढ्यात पडद्यामागून एका बाईचा आवाज आला. कन्नडमध्ये, अगदी हळू — "खांदा सैल सोड. हनुवटी खाली. आता श्वास सोड आणि बघ." मी तसं केलं. मग अण्णांचा कॅमेरा थांबेचना. प्रत्येक साडीला ती सांगत गेली, मी करत गेले.

चहा घेताना मी म्हणाले, "अण्णा, मागच्या अक्कांनी लई छान सांगितलं."

"कोण अक्का?"

त्यांनी पडदा सारला. मागे सरळ भिंत... हात जाईल एवढीच जागा.

"मला तर काई ऐकू आलं न्हाई," आई म्हणाली.

फोटो गाजले. कलबुर्गीच्या एका सराफाकडून विचारणा झाली, त्यांचे ट्रायल फोटो त्याच स्टुडिओत ठरले. खरं सांगते, भीती वाटत होती, तरी मला तो आवाज पुन्हा हवा होता.

लाइट लागले. मी कान देऊन उभी. काहीच नाही... पण दाराशी बसलेली आई एकदम उठली. चेहरा पांढराफटक. सरळ लाइटमध्ये येऊन तिने माझा दंड धरला.

"चल."

"आई, फोटो काढायलेत की..."

"चल म्हणलं ना."

परतीच्या बसमध्ये भालकीपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही. मग म्हणाली, "ऐकलं मी तिला."

आईचं माहेर उदगीरचं, तिला कन्नड धड कळत नाही. "तुला काय समजलं?" मी विचारलं.

"माझ्याशी मराठीतच बोलली."

"काय बोलली?"

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यानंतर मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले नाही. आता शाळेत शिकवते. कधी कधी आईचा फार राग येतो. ती बाई कोण, मला का शिकवत होती, आईला काय म्हणाली — यातलं काहीच मला आजही माहीत नाही. परवा पुन्हा विचारलं, तेव्हा भाकरी थापता थापता आईचा हात थांबला.

"तू माझ्यासमोर हायस," ती म्हणाली, "तेवढं बास."