करकोचे उडूस्तोवर

वनखात्यातले आम्ही जुने लोक जमलो की सुरुवात पेन्शनवरून होते, पण दहा मिनिटांत गाडी धारूरखालच्या तलावावर येतेच. एक किस्सा सांगावा तर त्याला चिकटून दुसरा येतो. नव्वदनंतर काही वर्षं मी तिथं वनरक्षक होतो. सोबतीला रोजंदारीवरचा वनमजूर सोपान आणि तलावात मासे धरणारे रहीमचाचा. फाल्गुन-चैत्रात उत्तरेला परतणारी पाखरं काठच्या पळस-बाभळीत थांबायची आणि आमचा जीव टांगणीला लागायचा.

एका दुपारी चाचा धापा टाकत आले. काठावर चार बदकं मरून पडलेली, शेजारी ज्वारी सांडलेली, तिला फवारणीच्या औषधाचा उग्र वास. वर अजून थवा घिरट्या घालत होता. मी गावातल्या नव्या एसटीडी बूथवर पळालो, तर साहेब जेवायला गेलेले. परत आलो तेव्हा चाचा आणि सोपान रिकामे डबे बडवत काठानं फिरत होते. दिवस मावळेपर्यंत बडवले, दाणा न् दाणा वेचून पुरला. त्या गोंगाटानं चाचांची मासळी आठ दिवस गायब झाली. मी हळहळलो तर म्हणाले, "मासळी इथलीच हाय, येईल. मेहमान मेला तर कुणाला तोंड दावू?"

पुढच्या साली शेजारच्या रानात पेटवलेलं पाचट वाऱ्यानं पळसाकडं सरकलं. संध्याकाळची वेळ, झाडांवर हजारो भोरड्या मुक्कामाला. आम्ही लिंबाच्या ओल्या फांद्यांनी जाळ झोडपत राहिलो. शेवटच्या ओळीतली तीन झाडं गेली, बाकी वाचली. सकाळी थवा निघून गेला. सोपान घरी गेला तर बायकोनं विचारलं, भुवया कुठं गेल्या? तो म्हणाला, "भोरड्यांसंगं गेल्या."

आणि एकदा सकाळी नवी कोरी गाडी काठाला लागली. तालुक्यातला वजनदार माणूस, हातात बंदूक. समोर उथळ पाण्यात करकोचे उभे. मी परवानगीचं विचारलं, त्यानं ऐकलंच नाही. सोपान सरळ पाण्यात उतरला आणि करकोच्यांकडं पाठ करून नळीसमोर उभा राहिला. त्याला कायम करायचा कागद त्याच महिन्यात वर गेला होता.

"उद्या कामावर दिसणार न्हाईस तू," माणूस म्हणाला.

"बरं. पर ही उडूस्तोवर मी हलनार न्हाई."

ऊन चढलं. मग एकेक करत सगळे करकोचे उठले, वर गोल फिरले आणि उत्तरेला लागले. सोपानचा कागद पुढं दोन वर्षं अडकला, ती गोष्ट वेगळी.

माणूस बंदूक खाली करून बराच वेळ वर बघत राहिला. मग हळू आवाजात विचारलं, "कुठं जातेत बे ही?"

सोपान पाण्यातून बाहेर येत म्हणाला, "घरी."