तीर्थाचा रकाना

सिद्रामप्पा आमच्या केंद्रात आरोग्य सेवक होता, मी कंपाउंडर. दुष्काळाचं साल. लातूर जिल्हा नवा झालेला, पाट्यांचा रंग ताजा, आणि विहिरीत टाकायच्या पावडरीचं मात्र एकच पोतं आलं. गावं अकरा, पोतं पुरणार चारच गावांना. कोणती चार, हे साहेबांनी सिद्रामप्पावर ढकललं आणि मोकळे झाले.

हा माणूस इतका सरळ की मला त्याचा रागच यायचा. त्यानं वहीत रकाने आखले. पाणी टँकरचं की विहिरीचं, विहिरीला कठडा आहे का, मागच्या साली हगवण लागली होती का, तान्ही पोरं किती, दवाखाना किती लांब. ज्या गावाला खुणा जास्त, त्याला पावडर आधी. कुणाचा वशिला चालला नाही, सरपंचाचा चहासुद्धा त्यानं घेतला नाही.

त्याच आठवड्यात त्याची धाकटी बहीण दानम्मा चालत आली. तिच्या गावाला खोल आड होता, त्याला कठडा होता, म्हणून खुणा सगळ्यांत कमी. पण मठाजवळच्या बारवेचं पाणी हिरवं पडलं होतं.

"पूजेचं पाणी तिथलंच हाय, अण्णा. मूठभर दे," ती म्हणाली.

"पूजेचं पाणी पिण्यात धरत न्हाईत," सिद्रामप्पा म्हणाला.

आता काय बोलावं! तिची सासू ओलेत्यानं बारवेच्या पायऱ्या उतरून घागर भरायची, लिंगपूजा करायची, आणि तीर्थ आधी नातवंडांच्या तळहातावर पडायचं. शिवरात्रीला ह्यानं स्वतः त्याच घरात हात पुढं केला होता. पण आपल्या घरात रोज घडतं त्यात धोका असेल, हे कुणाला सुचतं? मी शेजारीच बसलो होतो, मलाही सुचलं नाही.

बारा दिवसांनी दानम्माची लेक रुद्राणी हगवणीनं गेली. चार वर्षांची होती.

सिद्रामप्पानं वहीत तीर्थाचा नवा रकाना आखला. वर पाठवायच्या छापील तक्त्यात बसत नाही म्हणून साहेबांनी तो खोडला.

नागपंचमीला तो बहिणीला माहेरी आणायला गेला आणि एकटाच परतला. काय झालं ते त्यानंच मला सांगितलं. पावडर मिळालेल्या गावांत कुणी दगावलं का, असं तिनं विचारलं होतं. कुणीच नाही, असं त्यानं खरं ते सांगितलं.

"मग तुजं बरोबरच होतं, अण्णा," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या पंचमीला तो गेलाच नाही.